घरच्या म्हाताऱ्या माणसाला गाण्याचा डब्बा भरून द्यायचा असंल तं आधी हे वाचा

दिवाळीला गावी जाताना आजीसाठी, मामासाठी, आत्यासाठी तो छोटा मेमरीवाला डब्बा (मेमरी कार्ड घालून गाणे वाजवायचा स्पीकर) घेऊन जाणारे लय लोक आहेत, अन् त्यातले बरेच डब्बे होळी येईपर्यंत लुगड्यात गुंडाळून पेटीत जाऊन पडतात. डब्बा चांगला असते, गाणे पण असतात, पण भरलेला असते आपल्या हिशोबानं. ऐकणाऱ्याच्या हिशोबानं कसा भरायचा तेवढंच इथं सांगतो. मी दारव्ह्याकडचा, माझ्या मोठ्या मायला असा डब्बा करून दिला, त्यामुळे उदाहरणं तिचीच येतील.

एक गोष्ट पहिलेच. हे सगळं काम कॉम्प्युटर जिथं आहे तिथंच पुरं करून निघा. गावात गेल्यावर करू म्हणाल तं लाईन नसते, लाईन आली तं नेट नसते, अन् दोन्ही आले तं घरात पाहुणे बसलेले असतात.

पहिले माणसाला विचारा, अन् नीट विचारा

फोनवर "तुले कोणते गाणे पायजे" असं विचारलं तं उत्तर ठरलेलं आहे, "भर ना बाप्पा कोणतेई, मले काय कयते त्यातलं." यावर अजिबात विश्वास ठेवू नका. त्या माणसाची आवड आपल्यापेक्षा पक्की असते, फक्त ती यादी करून सांगता येत नाही. म्हणून प्रश्न बदलायचा. सकाळी उठल्यावर काय ऐकते, रेडिओवर काय लागलं की आवाज वाढवते, भजनात बसली की कोणतं भजन पहिले म्हणते, कोणाचा आवाज आवडत नाही. शेवटचा प्रश्न तं विचाराच, त्याचं उत्तर लगेच अन् जोरात येते.

मोठी माय असं विचारल्यावर मोकळी झाली. तिला पायजे होतं गजानन विजयचं पारायण, तुकडोजी महाराजांचे खंजिरीवरचे भजनं, अन् तिसरं तिनं हळूच सांगितलं, "ते आपल्या मंडळाची क्यासेट हाय ना, तुह्या मोठ्या बाबाचा आवाज हाय त्याच्यात, ते येते का याच्यात?" आता ही तिसरी गोष्ट कोणत्याच दुकानात भरून भेटत नाही. मोबाईलच्या दुकानात "मेमरीत गाणे भरून मिळतील" अशी पाटी असते, तिथं हजार गाणे एका मिनिटात भरतात अन् त्यात डीजेवाले, लग्नातले, आरत्या सगळे एकात एक कालवलेले असतात. पहाटे पाच वाजता काकड्यानंतर डीजे सुरू झाला की डब्ब्याची पेटीत जायची तयारी झाली समजा.

आणखी तीन गोष्टी पाहून घ्या, डोळ्यांना किती दिसते, कानाला कोणत्या बाजूनं ऐकू येते, अन् बोटं कशी चालतात. जन्मभर निंदण अन् कापूस वेचणी केलेल्या हाताला तांदळाएवढं बटन समजतच नाही.

डब्बा घेताना काय पाहायचं

रंग, लाईट, "बास" वगैरे सोडून द्या. सगळ्यात पहिले आवाजाचं बटन पाहा. स्वस्तातल्या लय डब्ब्यांत एकाच बटनाला दोन कामं असतात, नुसतं दाबलं की पुढचं गाणं अन् दाबून धरलं की आवाज वाढते. आपल्याला सवय असते, म्हाताऱ्या माणसाला हे कधीच जमत नाही. मोठ्या मायच्या शेजारणीकडे असाच एक आहे, तिची तक्रार अशी, "आवाज कमी कराले गेली तं महाराजच बदलून गेले." तर आवाजासाठी गोल फिरवायची चकती वेगळी असलेला घ्या, भलेही दिसायला जुनाट असो.

दुसरं, एक ते नऊ अन् शून्य असे आकडे असलेला भेटला तं तोच घ्या. सात दाबलं की सातवी फाईल लागते, पारायणासाठी याचा केवढा फायदा होते ते पुढे सांगतो. तिसरं, बंद करून परत चालू केल्यावर जिथं थांबला तिथूनच सुरू होते का, का दर वेळी पहिल्या गाण्यापासून. हे खोक्यावर लिहिलेलं नसते, दुकानात स्वतः करून पाहा. त्यासाठी घरून आपल्या फाईली टाकलेली मेमरी खिशात घेऊन जा, दुकानदाराच्या मेमरीवर सगळेच डब्बे छान वाजतात.

बॅटरी काढता येणारी पायजे. लय डब्ब्यांत जुन्या नोकिया फोनची बीएल-५सी जातीची चपटी बॅटरी बसते, ती तालुक्याच्या ठिकाणी अजूनही भेटते. आतून डकवलेली बॅटरी असली तं ती फुगल्यावर डब्बाच फेकावा लागते.

रेडिओ ऐकणारं माणूस असंल तं हे लक्षात ठेवा की असे डब्बे बहुतेक फक्त एफएम पकडतात, म्हंजे ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ. आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झवालं केंद्र मीडियम वेव्हवर आहे, ते एफएमच्या डब्ब्यात कितीही शोधलं तरी येणार नाही अन् घरचे म्हणतील डब्बा बिगडलेला आणला. तुमच्या गावात कोणतं केंद्र एफएमवर येते ते आधी कोणाच्या तरी फोनवर इअरफोन लावून पाहून घ्या. मीडियम वेव्ह पायजेच असंल तं तसा वेगळा रेडिओ घ्या, अन् तो एलईडी बल्ब अन् चार्जरपासून लांब ठेवा, नाही तं नुसतं गरगर ऐकू येते.

आयते गाणे भरलेला सारेगामाचा कारवां २०१७ पासून भेटते, हिंदीवाल्यात ५००० जुने गाणे आहेत. ज्याला जुने हिंदी गाणेच पायजे त्याला तो द्या अन् मोकळे व्हा, खरंच सांगतो. पण आपल्या भजनी मंडळाची क्यासेट त्यात कोणी भरून ठेवलेली नाही.

मेमरी

८ किंवा १६ जीबीची घ्या, ३२ च्या वर जाऊच नका. १२८ केबीपीएसची (हा बिटरेट, म्हंजे एका सेकंदाच्या आवाजाला किती माहिती लागते ते माप) एमपी३ फाईल साधारण मिनिटाला १ एमबी खाते, म्हंजे ८ जीबीत १३० तासांच्या वर माल बसते. एवढं कोण ऐकते? अन् ३२ च्या वरच्या मेमरी एक्सफॅटमध्ये (मेमरीत फाईली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट होऊन येतात, साध्या डब्ब्याला ते वाचता येत नाही, त्याला फॅट३२ लागते. घरी आणली की पहिले फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा.

नकली मेमरीचा धंदा जोरात आहे. वर ६४ लिहिलेलं, कॉम्प्युटरही ६४ च दाखवते, पण खरी जागा त्याच्या पावही नसते, अन् भरत गेलं की मागच्यावर नवीन लिहिलं जाते नाही तं फाईल फुकट जाते. बाजारातून घेतलेल्या एका मेमरीत माझे पहिले शंभरेक गाणे वाजले अन् पुढचे सगळे मुके. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट प्रोग्राम आहे, लिनक्सवर एफ३ आहे, ते पूर्ण मेमरी भरून परत वाचून पाहते. वेळ लागते, रात्री लावून झोपा. हा एक कंटाळा केला नाही तं पुढचे तक्रारीचे लय फोन वाचतात.

फाईली, इथंच सगळ्यांचं घोडं अडते

पहिला गैरसमज, गाण्याच्या ॲपमध्ये डाउनलोड केलेलं गाणं मेमरीत टाकता येते. येत नाही. ते त्याच ॲपमध्ये वाजण्यासाठी कुलूप लावून ठेवलेलं असते. एमपी३ विकत घ्या, नाही तं घरात ज्या सीडी पडल्या आहेत त्या काढा, कॉम्प्युटरला सीडी ड्राईव्ह नसंल तं कोणाचा बाहेरून लावायचा मागून आणा. विंडोज मीडिया प्लेयरमध्ये रिप करताना सेटिंगमध्ये एमपी३ निवडा, आपोआप वेगळंच काहीतरी निवडलेलं असू शकते.

दुसरा गैरसमज, व्हॉट्सॲपवर आलेलं भजन तसंच्या तसं वाजते. व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज ओपस मध्ये असतात, फोनवर रेकॉर्ड केलेलं बरेचदा एम४ए असते, अन् साधा डब्बा यातलं काहीच ओळखत नाही, सरळ उडी मारून पुढे जाते. काही जण नुसतं फाईलचं नाव बदलून शेवटी एमपी३ लिहितात, त्यानं काही होत नाही. ऑडासिटी या आवाजाच्या फाईली बदलायच्या फुकट प्रोग्राममध्ये उघडा अन् एमपी३ म्हणून एक्स्पोर्ट करा, ४४१०० हर्ट्झ, १२८ केबीपीएस, कॉन्स्टंट (म्हंजे बिटरेट शेवटपर्यंत सारखाच). व्हेरिएबल बिटरेटवर काही स्वस्त डब्बे अडखळतात, उगाच जोखीम कायले घ्यायची. उघडताना ऑडासिटी नाक मुरडत असंल तं त्याला एफएफएमपेग नावाचा जोड-प्रोग्राम जोडून द्यावा लागते, नाही तं व्हीएलसी प्लेयरनं बदलून घ्या.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. सगळं मोनो करून टाका, म्हंजे डावी-उजवी दोन्ही बाजू मिसळून एक. डब्ब्याला स्पीकर एकच असते, अन् जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कधी गाणारा एका बाजूला अन् पेटी-तबला दुसऱ्या बाजूला असते. काही डब्बे दोन्ही बाजू मिसळत नाहीत, एकच वाजवतात, मग नुसता तबला ऐकू येते अन् भजन गायब. ज्याला एकाच कानानं ऐकू येते त्याच्यासाठी इअरफोनवरही हेच. ऑडासिटीत ट्रॅकच्या मेनूत मिक्स स्टीरिओ डाउन टू मोनो आहे, एका क्लिकचं काम.

अन् आवाज बरोबरीत आणा. एक भजन हळू, दुसरं एकदम ठणाणा, तं म्हातारं माणूस दर गाण्याला उठणार नाही, डब्बाच बंद करंल. एमपी३गेन नावाचा जुना प्रोग्राम आहे, तो फाईलमध्येच आवाजाची पातळी बदलते म्हणून कोणत्याही डब्ब्यावर लागू पडते. त्यात ठरलेली पातळी ८९ डेसिबल असते, छोट्या स्पीकरला ती कमी पडू शकते, थोडी चढवा पण आवाज फाटेपर्यंत नाही.

क्यासेटचं सांगतो, कारण बऱ्याच घरात एखादी तरी असतेच. चालणारा टेप शोधा, त्याच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाईन-इनला लावा, लॅपटॉपला ते भोक नसंल तं यूएसबीचं छोटं साउंड कार्ड भेटते. क्यासेट वाजवायच्या आधी एकदा पूर्ण पुढे अन् एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षे पडून असली की फीत चिकटलेली असते. मग ऑडासिटीत रेकॉर्ड. साठ मिनिटांची क्यासेट साठच मिनिटं घेणार, घाई चालत नाही. सरसर आवाज काढायसाठी नॉइज रिडक्शन आहे पण हलक्या हातानं वापरा, जास्त केलं की माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येते. आमच्या क्यासेटीत मधात मोठे बाबा खोकलतात अन् कोणीतरी "पानी आना बे" म्हणते, ते मी कापलं नाही. मोठी माय प्रत्येक वेळी तिथंच हसते.

क्रम, म्हंजे खरी डोकेदुखी

गजानन विजयचे २१ अध्याय आहेत अन् ते एकापाठोपाठ एकच लागले पायजे. कॉम्प्युटरवर छान १ ते २१ दिसतात, डब्ब्यात टाकले तं पहिल्या अध्यायानंतर दहावा लागते. याचे दोन कारणं आहेत. काही डब्बे नाव अक्षरानं लावतात, अक्षराच्या हिशोबात १ च्या मागं १०, ११, मग शेवटी २ येते. म्हणून नाव देताना ००१, ००२, ००३ असं इंग्रजी आकड्यात द्या. पुढे मराठीत नाव टाकू नका, पडदा असलेल्या स्वस्त डब्ब्यांवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात, पडदा नसंल तं नावाचा उपयोगच नाही.

दुसरं कारण जास्त त्रासाचं आहे. बिनपडद्याचे बहुतेक डब्बे नाव पाहतच नाहीत, मेमरीत जी फाईल आधी गेली ती आधी वाजवतात. अन् विंडोजमध्ये सगळ्या फाईली सिलेक्ट करून ओढल्या तं ज्या फाईलवर माउस धरला ती पहिले जाते. म्हणून ओढताना ००१ लाच धरा. नंतर एखादं गाणं काढून दुसरं टाकलं तं ते शेवटी न जाता काढलेल्याच्या जागी मधातच जाऊन बसू शकते. म्हणून बदल करायचा असंल तं कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये करा, मेमरी परत फॉरमॅट करा, अन् सगळं पहिल्यापासून कॉपी करा. फॅटसॉर्ट किंवा ड्राईव्हसॉर्टसारखे प्रोग्राम मेमरीतच क्रम लावून देतात, ते पण चालते. मोबाईलमधून ओटीजीनं (फोनला मेमरी जोडायच्या वायरनं) कॉपी करत असाल तं क्रम रामभरोसे.

मॅकवरून कॉपी केलं तं प्रत्येक गाण्यासोबत टिंबानं सुरू होणारी एक लपलेली फाईल पण जाते, तिच्या शेवटीही एमपी३ च असते, डब्बा ती वाजवायला जाते अन् दोन गाण्यांमधात अडकते. अन् हीच मेमरी फोनमध्ये घातली तं फोन आपले दोन-तीन फोल्डर तयार करून ठेवते. डब्ब्याची मेमरी डब्ब्यातच राहू द्या, पोराटोरांना फोनमध्ये घालू देऊ नका.

पारायण अन् भजनं एकाच मेमरीत टाकावे का? माझं मत नाही. फोल्डरचं बटन कोणाला सापडत नाही अन् ते दाबलं की नेमकं कुठं गेलो ते समजत नाही. मी पारायणाचे २१ अध्याय एका छोट्या बोटाच्या पेराएवढ्या पेनड्राईव्हमध्ये टाकले, बाकी काहीच नाही, अन् भजनं अन् क्यासेट मेमरीत. मोडचं बटन दाबलं की पेनड्राईव्ह, परत दाबलं की मेमरी. पेनड्राईव्हमध्ये दुसरं काही नसल्यानं आकड्याचं ७ दाबलं की सातवा अध्यायच लागते, मोठ्या मायला हे अगदी लगेच जमलं कारण अध्यायाचा नंबर तिला आधीपासूनच पाठ. लांब पेनड्राईव्ह लावू नका, डब्बा पडला की आधी तोच वाकते.

बटनं झाका

डब्ब्यावर जेवढी बटनं तेवढे फोन. रिपीट, इक्वलायझर, लाईट, यांच्यावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून वरून चिकटपट्टी मारा. चालू-बंदवर लाल नेलपॉलिशचा ठिपका, मोडवर पांढरा, बाकी कशावरच नाही, सगळ्यांवर ठिपके केले तं ठिपक्यांचा उपयोग जाते. मोडच्या चक्करमध्ये ब्लूटूथ पण येते, तिथं गेलं की आतून एक बाई इंग्रजीत जोरात काहीतरी बोलते अन् म्हातारं माणूस दचकते. ते आधीच सांगून ठेवा, "ती बाई बोलली का पांढरं बटन परत दाबजो." ब्लूटूथला पासवर्ड नसते बहुतेक, त्यामुळे शेजारचा पोरगा ओसरीवर बसून आपला फोन जोडते अन् मोठ्या मायच्या डब्ब्यात भलतंच सुरू होते, हे झालेलं आहे. त्यावर उपाय पोराला दटावणे हाच.

मेमरीच्या फटीवर पण पट्टी लावा. ती स्प्रिंगची असते, अंगठा लागला की मेमरी टुणकन बाहेर, अन् शेणानं सारवलेल्या भुईवर पडलेली मेमरी कोणालाच सापडत नाही.

चार्जिंग

टाईप-सी पिन असली तरी दोन्ही बाजूंनी टाईप-सी असलेल्या वायरनं बरेच स्वस्त डब्बे चार्ज होतच नाहीत, डब्ब्यात त्यासाठी लागणारे रेझिस्टर नावाचे बारीक भाग टाकलेले नसतात. चार्जरकडून जुनं चौकोनी यूएसबी अन् डब्ब्याकडून सी, अशी वायर सोबत द्या अन् ती डब्ब्यालाच सुतळीनं बांधून टाका.

आपल्याकडचं ऊन विसरू नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं असते, अन् मे महिन्यात टिनाच्या छताखाली दुपारी तेवढं आरामात होते. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळीच, अन् धुऱ्यावर नेला तं निंबाच्या सावलीत ठेवायचा. रात्रभर लावून ठेवायची सवय मोडा, लाईन जाते-येते त्यात स्वस्त चार्जर जळते.

फोनवरून दुरुस्ती

"वाजून नाही राह्यला" याचे अर्थ पाच-सहा असतात, म्हणून चिडू नका, क्रमानं विचारा. लाईट लागते का. नाही, तं चार्जिंगला लाव अन् चहा पिऊन ये. लागते, तं आवाजाची चकती उजवीकडे फिरव. मग बाई बोलते का. मग पांढरं बटन. हे सगळं करून झालं तं मेमरी काढून, पदराला पुसून परत बसवणं, पण हे काम घरातल्या लहान पोरीला सांगा, तिचं बोट बारीक असते अन् ती ऐकते पण. याच्या आधी मुद्दाम एक काम करून ठेवा, अगदी तोच डब्बा आणखी एक घेऊन स्वतःजवळ ठेवा, दोन-चारशे रुपयांसाठी मागेपुढे पाहू नका. फोनवर "तिसरं बटन" म्हणताना तिसरं कोणतं ते समोर पाहून सांगता येते.

अन् भरलेला फोल्डर कॉम्प्युटरवर तसाच राहू द्या, क्रमासहित. त्याचीच एक दुसरी मेमरी अन् दुसरा पेनड्राईव्ह भरून तपासून, वर नाव लिहिलेल्या काडीपेटीत घालून गावातच कोणाकडे तरी ठेवा, म्हाताऱ्या माणसाकडे नाही, शिकणाऱ्या पोरीकडे. पहिली गेली की तिनं दुसरी बसवायची अन् तुम्हाला फोन करायचा, मग तुम्ही पुढच्या खेपेला तिसरी घेऊन जायची.